खालचा मजला मोकळा

सिंगापूरमधल्या त्योंग बारूच्या बाजारात सकाळी साडेआठला टेबल मिळणं कठीण. खाली भाजी-मासळी, वरच्या मजल्यावर खाण्याचे गाळे. रिकाम्या दिसणाऱ्या प्रत्येक टेबलावर काही ना काही पडलेलं असतं. टिश्यूचं पाकीट, घडीची छत्री, क्वचित कुणाचं ऑफिसचं ओळखपत्रसुद्धा. जागा धरली आहे, एवढाच त्याचा अर्थ. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या माणसांना ही रीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे त्या रुमालावरून हमरीतुमरी होते, इथं हातात ट्रे घेतलेले एक आजोबा पाकिटाकडे बघून मुकाट्यानं पुढच्या टेबलाकडे वळले.

गाळ्यावर च्वी कुए मिळतं. तांदळाच्या पिठाच्या छोट्या वाट्यांत उकडलेल्या पांढऱ्या वड्या, वर परतलेला खारवलेला मुळा आणि तिखट चटणी. सोबत कोपी, म्हणजे आटवलेलं गोड दूध घातलेली दाट कॉफी. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः उचलून ठेवायचा. २०२१ पासून तसं न करणाऱ्याला दंड होऊ शकतो, आणि पंचाहत्तरीची बाईही तो नियम पाळताना दिसते.

हे सगळे गाळेवाले किंवा त्यांचे आईबाप एके काळी रस्त्यावर गाडी लावत. १९७०च्या दशकात आणि पुढेही सरकारनं त्यांना परवाने, पाणी, गटार आणि छप्पर दिलं, बदल्यात रस्ता रिकामा करून घेतला. डिसेंबर २०२०मध्ये युनेस्कोनं या खाद्यगाळ्यांच्या संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे फेरीवाल्याचा वारसा म्हणजे पालिकेची गाडी दिसताच टोपली उचलून पळणं.

मला सिंगापूरची चकचकीत बाजू बघायची नव्हती. साठ लाख माणसं जेमतेम ७३५ चौरस किलोमीटरच्या बेटावर राहतात, आणि त्यांतली बहुसंख्य सरकारी इमारतींत. ती रोजची घरं कशी आहेत, हे बघायचं होतं. डोंबिवलीत वाढलेली माझी मावसबहीण तिथं अशाच एका सरकारी इमारतीत भाड्यानं राहते. तिचं घर हा मुक्काम, आणि बेटाच्या दक्षिणेकडून ईशान्येकडे सरकत जाणं हा प्रवास.

त्योंग बारूपासून सुरुवात केली, कारण गोष्टही तिथूनच सुरू होते. इंग्रजांनी १९२७मध्ये सिंगापूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि त्यानं १९३६पासून इथं गोलसर कोपऱ्यांच्या, जहाजासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या इमारती बांधल्या. आपल्या मुंबईतही असाच ट्रस्ट होता, प्लेगनंतर आलेला, ज्यानं दादर-माटुंग्याचे रस्ते आखले. आज त्योंग बारूत तळमजल्याच्या दुकानांत पुस्तकं आणि फ्रेंच पाव मिळतात, भाडी चढली आहेत आणि शनिवारी लोक फोटो काढायला येतात. ट्रस्टनं ३२ वर्षांत बांधलेली घरं मात्र अवघी २३ हजार. शहर त्या वेगाच्या कितीतरी पुढे धावत होतं. युद्धानंतर अनेक लोक पत्रा, लाकूड आणि झावळ्यांच्या वस्त्यांत राहत होते.

त्योंग बारूच्या शेजारीच बुकिट हो स्वीची टेकडी आहे. २५ मे १९६१ला, बकरी ईदच्या दिवशी, इथल्या वस्तीला आग लागली. चार माणसं गेली आणि सुमारे १६ हजार लोक एका दुपारीत बेघर झाले. आगीचं कारण कधीच सिद्ध झालं नाही. वस्ती हटवायची होती म्हणून ती लावली गेली, अशी कुजबुज पुढे अनेक वर्षं टिकली. इतिहासकार लोह काह सेंग यांनी या आगीवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे, आणि तिच्यातून आधुनिक सिंगापूर कसं घडत गेलं हा त्याचा विषय आहे. टेकडीवर आता उतरत्या रांगेत इमारती, मध्ये झाडं. आगीची निशाणी शोधायची तर स्मृतिफलक वाचायला थांबावं लागतं.

आगीच्या वेळी हाउसिंग अँड डेव्हलपमेंट बोर्ड, सगळ्यांच्या तोंडी एचडीबी, जेमतेम सव्वा वर्षाचं होतं. १ फेब्रुवारी १९६०ला स्थापन झालेल्या या मंडळाचे पहिले अध्यक्ष लिम किम सान. ते ना वास्तुविशारद, ना नगररचनाकार. साबुदाणा स्वस्तात बनवणारं यंत्र काढून त्यांनी पैसा कमावला होता, आणि मंडळाचं काम पहिली काही वर्षं बिनपगारी केलं. उपासाची खिचडी खाणाऱ्या आपल्या लोकांना या माणसाचं नाव ठाऊक असायला हरकत नाही. पहिल्या पाच वर्षांत मंडळानं ५० हजारांहून जास्त घरं उभी केली. एक ते तीन खोल्यांची, साधी, नळ आणि वीज असलेली.

त्योंग बारूपासून फार लांब नसलेल्या डक्स्टनला पिनॅकल आहे. सात इमारती, प्रत्येकी पन्नास मजल्यांच्या, एकूण १,८४८ घरं. २६व्या आणि ५०व्या मजल्यावर त्या पुलांनी जोडलेल्या आहेत. ही चक्क सरकारी वसाहत, २००९मध्ये पूर्ण झालेली. पन्नासाव्या मजल्यावर थोडं शुल्क भरून बाहेरच्यांना जाता येतं. वरून बंदर दिसतं, क्रेनच्या रांगा, आणि चहूबाजूंनी घरंच घरं. त्यांच्यामध्ये हिरवे पट्टेही भरपूर.

वर उभं राहून मुंबईकर एक हिशेब करतोच. सिंगापूरला एका चौरस किलोमीटरमध्ये आठ हजारांच्या आसपास माणसं. बृहन्मुंबईत २०११च्या जनगणनेनुसार २० हजारांच्या पुढे. म्हणजे दाट वस्तीच्या शहराचा जगभर जो गजर चालतो, त्यात आपण कधीच पहिले आलो आहोत, कुणी न सांगता. मग ही हवा, ही उघडीक कुठून आली? आपल्याकडे या प्रश्नावर लोक लगेच शिस्त, भ्रष्टाचार आणि ‘तिकडचं लहान आहे हो’ या तिघांना पुढे करतात. मला वाटतं, उत्तर पायाखालच्या जमिनीत आहे. १९६६च्या भूसंपादन कायद्यानं सरकारला सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा अधिकार दिला. १९७३च्या दुरुस्तीनं भरपाई त्या वर्षीच्या दराशी बांधून टाकली, आणि बाजारभाव पूर्णपणे परत आला तो २००७मध्ये. आज बेटावरची नव्वद टक्क्यांच्या आसपास जमीन सरकारची आहे. रस्ता, रेल्वे, शाळा आणि इमारत यांची जागा एकाच कागदावर आखता येते ती त्यामुळे.

हे वाचून हेवा वाटणाऱ्यानं जासईची आठवण ठेवावी. सिडकोची स्थापना १९७०मध्ये झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. दरासाठी शेतकरी उभे राहिले, जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. सिंगापुरातही शेतकरी आणि डुकरं-कोंबड्या पाळणारे हलायला राजी नव्हते, पण त्यांच्या बाजूचा दि. बा. तिथं तयार होऊ दिला गेला नाही. त्या शहराची देखणी उघडीक ज्यांच्या खर्चानं आली, ते लोक कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत नाहीत.

टोआ पायो ही एचडीबीनं स्वतः पूर्ण आखून बांधलेली पहिली उपनगरी. १९६०च्या दशकाच्या मध्यात बांधकाम सुरू झालं. माझी बहीण इथं राहते. लिफ्टमधून बाहेर पडताच मला गिरगावात आल्यासारखं झालं. लांब सरळ गॅलरी, एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला दारांची रांग. दारांबाहेर चपला, कुंड्या, सायकल. एका दारावर लाल कागदावरची चिनी अक्षरं आणि उदबत्त्या, पुढच्यावर आंब्याचं तोरण, त्यापुढच्यावर अरबी आयत. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूच्या काठ्यांवर कपडे वाळत असतात. काठी खोचायला भिंतीतच नळ्या बसवलेल्या. जुन्या इमारतींतल्या लिफ्ट पूर्वी प्रत्येक मजल्यावर थांबत नसत. एक-दोन मजले चढउतार करावाच लागे. २००१पासून सरकारनं त्या बदलून घेतल्या, कारण रहिवासी म्हातारे झाले.

“ताई, कुंडी सरकव आत,” बहीण म्हणाली. “सव्वा मीटरची वाट मोकळी पाहिजे, नाहीतर नोटीस येते.” आगीच्या वेळी बाहेर पडायला १.२ मीटर रुंद जागा सोडायची, हा अग्निशमन दलाचा नियम. चाळीत वाढलेल्या माणसाला गॅलरीत पिंप, तुळस आणि आजीची खाट नसणं चमत्कारिक वाटतं. पण चाळीतल्या जिन्यावरून अग्निशमन दलाला कसं चढायचं, हा प्रश्न आपण विचारलेला नाही. नव्या घरांत आणखी एक गंमत दिसली. जाड पोलादी दाराची, काँक्रीटच्या भिंतींची बॉम्बहल्ल्यापासून बचावाची खोली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रत्येक नव्या घरात ती सक्तीची. बहिणीच्या मैत्रिणीकडे तिच्यात गहू, बॅगा आणि गणपतीचं मखर आहे.

खरी बघायची गोष्ट तळाला असते. बहुतेक इमारतींचा तळमजला मोकळा आहे, नुसते खांब आणि वारा. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. दुपारी तिथं बुद्धिबळाच्या दगडी टेबलांवर म्हातारे असतात, एका बाजूला बालवाडी, एका बाजूला वृद्धांचा व्यायामवर्ग. शनिवारी एका इमारतीखाली मलय लग्न होतं. जरीचे पडदे, डफांचा ताल, बिर्याणीच्या मोठ्या पातेल्यांभोवती काका-मामांची धावपळ. दोन इमारती सोडून चिनी घरातलं कुणी गेलं होतं. तिथं पांढऱ्या मांडवात नातेवाईक रात्र जागवायला पत्ते खेळत आणि शेंगदाणे सोलत बसले होते. लग्नातली बाई त्या बाजूनं जाताना डोकं झुकवून गेली. परवानगी काढावी लागते, भाडं भरावं लागतं, पण जागा घराच्या खालीच मिळते.

आपल्या नव्या टॉवरांमध्ये खालचे मजले गाड्यांचे असतात. पोडियमचे चार-सहा मजले पार्किंग, मग बाग, मग माणसं. मयताला खाली आणल्यावर दोन मिनिटं ठेवायची जागासुद्धा अनेक ठिकाणी सिक्युरिटीच्या टेबलाशेजारी असते. आयुष्यभर मुंबईच्या आखणीवर लिहिणारे शिरीष पटेल, १९६५च्या ‘मार्ग’मधल्या नव्या मुंबईच्या प्रस्तावाच्या तिघा कर्त्यांपैकी एक, एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) वाढवत नेण्याला कायम विरोध करत राहिले. मजले वाढवले तरी रस्ता, शाळा, मैदान वाढत नाही, असा त्यांचा साधा मुद्दा होता. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, आणि ज्या कुटुंबांनी तीन पिढ्या तेवढ्याशा खोलीत काढल्या त्यांना त्याचं महत्त्व कुणी शिकवू नये. पण चाळीच्या मधल्या पटांगणाचं काय होतं, हे पुनर्विकासाच्या करारात फारसं लिहिलेलं नसतं.

व्हॉइड डेकचं फार कौतुक करू नये म्हणून एक पाटीही नोंदवते. जवळजवळ प्रत्येक खांबावर ‘चेंडू खेळू नये’.

शेजाऱ्यांची सरमिसळही आखलेली आहे. १ मार्च १९८९पासून प्रत्येक इमारतीत आणि परिसरात कुठल्या वंशाची किती घरं असू शकतात याला मर्यादा आहे. एका इमारतीत चिनी ८७ टक्क्यांपर्यंत, मलय २५ टक्क्यांपर्यंत, भारतीय आणि इतर १५ टक्क्यांपर्यंत. मर्यादा भरली की त्या वंशाच्या माणसाला तिथं फक्त आपल्याच वंशाच्या मालकाकडून घर घेता येतं. वेगवेगळ्या वंशांच्या बंद वस्त्या होऊ नयेत हा हेतू, आणि तो बऱ्याच अंशी साधला आहे. तोटाही खरा आहे. भारतीय किंवा मलय मालकाला घर विकायचं तर गिऱ्हाइकं कमी मिळतात, भाव पाडून द्यावा लागतो. अलीकडे सरकार काही प्रकरणांत अशी घरं स्वतःच विकत घेऊ लागलं आहे. हा सरकारी मोजमापाचा धर्मनिरपेक्षपणा मला अंगावर आला. मग मुंबईत बहिणीच्या नवऱ्याला भाड्याचं घर शोधताना दलालानं विचारलेला पहिला प्रश्न तिनं सांगितला: “नॉनव्हेज नाही ना?” आपल्याकडे हीच गाळणी लावली जाते, फक्त ती सोसायटीच्या सेक्रेटरीच्या हातात असते आणि कुठल्याही राजपत्रात छापलेली नसते.

टोआ पायोच्या उत्तरेला बिशान. संध्याकाळी तिथल्या बागेत कालांग नदीकाठी लोक धावत असतात, मुलं पाण्यात पाय बुडवून बसतात. ही नदी काही वर्षांपूर्वीपर्यंत काँक्रीटच्या सरळ नाल्यातून वाहत होती. नाला फोडून तिला वळणं परत दिली, ते काम २०१२मध्ये पुरं झालं. पुढे तिथं पाणमांजरांचं कुटुंब राहायला आलं आणि त्याचे फोटो वर्तमानपत्रात आले. मिठी नदीच्या काठच्या भिंती बघत लोकलनं गेलेल्या माणसानं इथं जास्त वेळ थांबू नये, त्रास होतो.

बिशानच्या घरांखाली पूर्वी कॅन्टोनीज आणि हक्का लोकांची मोठी दफनभूमी होती. १९७०च्या दशकात सरकारनं ती घेतली, नंतर कबरी उकरल्या, अस्थी दहन करून कोनाड्यांत ठेवल्या. पुढे २०१०च्या दशकात बुकिट ब्राउन इथल्या साडेतीन हजारांहून अधिक कबरी एका रस्त्यासाठी हलवल्या. तेव्हा मात्र इतिहासप्रेमींनी आवाज उठवला, काहींनी प्रत्येक कबरीची नोंद केली. आता सरकारी दफनभूमीत नव्या मृतांना १५ वर्षांपुरतीच जागा मिळते. त्यानंतर उकरणं आलंच. बागेत ताई-ची करणाऱ्या एका गृहस्थांना मी याबद्दल विचारलं. कमरेवर हात ठेवून ते म्हणाले, “आजोबा इथंच कुठंतरी होते. आता मुलगा इथं राहतो. जागा घरातच राहिली.” त्यांना यात काही खटकत नव्हतं.

जिवंतांनाही मुदत आहेच. एचडीबीचं ‘विकत घेतलेलं’ घर म्हणजे ९९ वर्षांचा भाडेपट्टा. तो संपला की घर सरकारचं. खासगी घरांच्या बाबतीत याची चुणूक मिळाली आहे. गेलांगच्या लोरोंग ३मधली रांगेतली १९१ घरं ३१ डिसेंबर २०२०ला पट्टा संपताच एका पैशाच्या भरपाईविना सरकारकडे गेली. तोवर लोक समजत होते की जुनी इमारत झाली की सरकार नवं घर देईल. २०१७मध्ये एका मंत्र्यानं स्पष्ट सांगितलं की सगळ्यांना ते मिळणार नाही, आणि घराघरांत खळबळ उडाली. तरीही २०२४मध्ये अशा मुदतीच्या सरकारी घरांपैकी हजाराहून जास्त घरं दहा लाख सिंगापूर डॉलरच्या वर विकली गेली. रडगाणं आणि खरेदी दोन्ही जोरात.

बिशानच्या ईशान्येला लोरोंग बुआंगकोक हे मुख्य बेटावरचं शेवटचं खेडं. मातीची वाट, पत्र्याची छपरं, डोक्यावरून विजेच्या तारा, फणसाची झाडं, पंचवीसएक घरं. भाडं नाममात्र. मालवणातल्या एखाद्या वाडीतल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही, पण सिंगापूरचे लोक इथं कॅमेरे घेऊन येतात आणि मुलांना कोंबड्या दाखवतात. आराखड्यात या वाडीवरून रस्ता आणि शाळा दाखवली आहे. ते कधी होणार, सरकार घाई करत नाही.

शेवटचा टप्पा पुंगोल. इथं पूर्वी वराहपालन चाले. १९८४मध्ये ते बंद करण्याचा निर्णय झाला, १९९६मध्ये नव्या शहराची योजना जाहीर झाली आणि २०११मध्ये ४.२ किलोमीटरचा कालवा खुला झाला. खारघरमध्ये फिरलेल्या माणसाला इमारतींचा आकार ओळखीचा वाटेल. चुकल्यासारखं वाटतं ते रस्त्यावर. गाड्या कमी. नवी गाडी घ्यायला आधी लिलावात दहा वर्षांचा परवाना विकत घ्यावा लागतो, १९९०पासून. २०२३मध्ये साध्या गाडीच्याही परवान्याचा भाव लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला होता. गाडी न परवडणारा माणूस बिनचालकाच्या छोट्या रेल्वेनं स्टेशनला जातो आणि दहा मिनिटांत भाजी घेऊन परत येतो. दाट वस्तीचं गणित इथं सुटतं ते गाडीला महाग करून. मुंबईत कुठलाही पक्ष हे बोलून बघणार नाही.

कालव्याकाठच्या खाद्यगाळ्यात बहिणीच्या ओळखीचं एक तरुण जोडपं भेटलं. मुलगी तमिळ, मुलगा चिनी, लग्न व्हायचंय, पण घराचा अर्ज भरून झाला आहे. अविवाहिताला पस्तिशीच्या आधी नवं सरकारी घर मिळत नाही. घर बांधायचं तेही आधी पुरेशी नोंदणी झाल्यावर, म्हणून नंबर लागल्यापासून काही वर्षं थांबायचं. त्यामुळे ‘आपण घराचा अर्ज करूया का?’ हीच इथली लग्नाची मागणी. “स्थळाच्या जाहिरातीत आमच्याकडे ‘मुलाचा स्वतःचा ब्लॉक’ लिहायचे,” मी म्हटलं. बहिणीनं त्यांना इंग्रजीत समजावलं आणि दोघं खळखळून हसली.

मग मुलानं सोडतीचे नियम काढले. आईवडिलांच्या घरापासून चार किलोमीटरच्या आत घर मागितलं तर प्राधान्य मिळतं. त्याची आई जवळच सेंगकांगला, तिची टोआ पायोला. दोन्ही वर्तुळं एकमेकांना लागतच नव्हती. फोनवरच्या नकाशात दोघं बराच वेळ बोटं फिरवत राहिली. “त्याच्या आईला नात हवी आहे, माझ्या आईला चाव्या,” मुलगी म्हणाली.

बहीण माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “ताई, पाच किलोमीटरचा काही नियम असतो का गं? सासूपासून?”